डोळे मिटून मारलेले टोमणे

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. कुटुंब मूळ नेवासे तालुक्यातलं, आता पिंपरीत. मिस्टरांची कंपनी आठ महिन्यांपूर्वी बंद पडली. वय 47, दुसरीकडे कुठे धड जमत नाही. ताई हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहेत, आठवड्याला दोन-तीन नाइट असतात. सासूबाई सोबत राहतात, गावी असताना त्यांनी जन्मभर शेतात काम केलं. मुलगा अकरावीला आहे आणि गेल्या नाताळपासून चर्चला येत नाही. रोज रात्री आठला घरची प्रार्थना असते, ती मात्र कधी चुकलेली नाही. ताई लिहितात, "आधी प्रार्थनेनं धीर यायचा. आता आठ वाजत आले की पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात विश्वास कमी पडतोय. विश्वासातून घराला उभारी कशी मिळवायची, पाळकसाहेब?"

ताई, सलाम. 31 वर्षं चर्चमध्ये पाळकपण केलं, आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शेवटी पुण्यात. त्यातल्या हजारेक संध्याकाळी तरी लोकांच्या घरी सतरंजीवर बसून काढल्या असतील. तुमच्या घरी आठ वाजता नेमकं काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पोटातल्या गोळ्यावरून अंदाज येतो. म्हणून विश्वास कमी की जास्त हे आत्ता बाजूला ठेवू. आधी त्या सतरंजीवर काय चालतं ते बघू.

एका घरचा प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. टीव्हीचा आवाज बंद, चित्र चालूच. भिंतीवर वचनांचं कॅलेंडर. आजींच्या मांडीवर जुन्या साडीचं कव्हर शिवलेलं बायबल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गायन झालं, वाचन झालं, आणि आजींनी प्रार्थना सुरू केली. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, ख्रिस्ती लोकांना छळणाऱ्या शौलाचा तू पौल केलास. तर बापा, या घरातही असं एक पात्र आहे, की ज्याला सकाळी दहा वाजेपर्यंत अंथरूण सोडवत नाही. तू त्याच्याशी बोल, बापा." मग सुनेची पाळी आली. "प्रभो, आम्हाला दुसऱ्यांचे दोष न पाहण्याची बुद्धी दे." हे कोणाला उद्देशून ते सतरंजीलाही कळलं. मधे कुकरची शिट्टी झाली. मी एक डोळा उघडून पाहिलं (पाळकही माणूस आहे), तर पोरगा डोळे सताड उघडे ठेवून बापाकडे पाहत होता. बापाची मान खाली, आणि कान तापवलेल्या तव्यासारखे लाल. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. बाप सोडून.

त्याला डोळे मिटून मारलेले टोमणे म्हणतात. जेवणाच्या ताटावर कोणी असं बोललं असतं तर त्यानं उलट उत्तर तरी दिलं असतं. प्रार्थनेत उलट बोलता येत नाही, कारण बोलणारा त्याच्याशी नाही, देवाशी बोलत असतो. माणूस कोपऱ्यात सापडतो, आणि त्या कोपऱ्यात देवालाही बोलणाऱ्याच्या बाजूनं उभं केलेलं असतं. मग त्या माणसाला देवाकडून धीर कुठून मिळणार?

हे मी उंचावर बसून सांगत नाही. माझी पहिली मंडळी, म्हणजे चर्च, खेड्यात होती, पगार तुटपुंजा आणि तोही उशिरा. बायको घासलेटासाठी कुरकुरली म्हणून त्या रात्री मी प्रार्थनेत म्हटलं, "प्रभो, रानातल्या इस्राएल लोकांसारखी कुरकुर आमच्या घरात नको." ती डोळे उघडून म्हणाली, "याला मी आमेन म्हणणार नाही." आमेन म्हणजे 'तसंच होवो'. ती बरोबर होती, ते तसं व्हायला नकोच होतं. इस्राएल लोक तरी कशासाठी कुरकुरत होते? पाण्यासाठी आणि भाकरीसाठी. आणि त्यांना ते मिळालं.

तेव्हापासून घरच्या प्रार्थनेसाठी मी एकच नियम सांगत आलोय. मागायचं ते स्वतःसाठी, 'मी' म्हणून. दुसऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त आभार मानण्यासाठी. "माझ्या नवऱ्याला सुबुद्धी दे" नाही. "मला भीती वाटते, महिनाअखेर कशी निघेल कळत नाही, मला झोप लागू दे." आणि मग, "यांनी आज आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, त्याबद्दल तुझे आभार." त्याच्या नोकरीसाठी, वागणुकीसाठी, विश्वासासाठी जे मागायचं असेल ते एकटीनं, दार लावून. येशूनं खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलं ते दिखाऊपणाच्या संदर्भात, पण मला ते इथेही लागू वाटतं. पहिला आठवडाभर सगळे अडखळतात. 'मी' म्हणायची सवयच नसते. चालू द्या. प्रार्थना पाच मिनिटांची झाली तरी चालेल. आमच्याकडे लांबीवरून प्रार्थनेची किंमत करायची खोड आहे. येशूच्या दाखल्यातली धर्मनिष्ठ म्हणवणाऱ्या परूश्याची प्रार्थना आणि पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराची प्रार्थना शेजारी ठेवून बघा, जकातदाराची एका ओळीत संपते.

आता मिस्टरांबद्दल. नोकरी गेलेल्या पुरुषाला लोक बायबलातलं, सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक वाचायला देतात. मी नाही देत. निदान पहिलं वर्षभर तरी नाही. बेचाळीस अध्यायांतली बरीच भाषणं ईयोबाच्या मित्रांची आहेत, आणि ते मित्र चुकीचं बोलत होते हे देव अगदी शेवटी सांगतो. तिथपर्यंत कोण पोचतं? त्यापेक्षा स्तोत्र 13 द्या. सहाच ओवी. सुरुवातच "कोठवर?" अशी आहे, आणि दोन ओव्यांत हा प्रश्न चारदा येतो. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांत अशी रडगाणी खूप आहेत. स्तोत्र 88 चा तर शेवटही अंधारातच होतो, कुठे किरण वगैरे नाही. आम्ही मात्र दर रविवारी 23, 100, 121 आणि 103 अशी गोड स्तोत्रंच आळवतो, आणि घरात दुःख आलं की माणसाला वाटतं, हे देवापुढे बोलायची भाषाच आपल्याकडे नाही. भाषा आहे, वापरात नाही इतकंच. एका गृहस्थांनी वर्षभर घरच्या प्रार्थनेत तोंड उघडलं नव्हतं. त्यांना मी फक्त स्तोत्र 13 ची पहिली ओवी वाचायला सांगितली. त्यांनी ती वाचली, पुस्तक मिटलं, उठून गॅलरीत गेले. घरच्यांना वाटलं बिनसलं. मला वाटलं, आज हा माणूस पहिल्यांदा प्रार्थनेला आला.

अजून एक गोष्ट, ही जरा खोल आहे. कारखान्यात वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वतःची किंमत पीस मोजून कळत असते. शिफ्टला किती निघाले. काम थांबलं की आकडाही थांबतो. बायबलात अशा माणसांची मोठी गोष्ट आहे, आणि ती आपण भलत्याच अंगानं सांगतो. निर्गमच्या पाचव्या अध्यायात फारो इस्राएल लोकांना म्हणतो, पेंढा तुमचा तुम्ही गोळा करा, पण विटांची संख्या कमी होता कामा नये. चारशे तीस वर्षं त्यांची जी ओळख होती, ती शेवटी विटांवर येऊन ठेपली होती. त्याच लोकांना पुढे शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा मिळते, आणि बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात 5:15 मध्ये तिचं कारण दिलंय ते असं, की तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. म्हणजे एक दिवस असा, की ज्या दिवशी तू एकही वीट पाडणार नाहीस आणि तरी तू देवाचा आहेस. मी हे एका कास्टिंग शॉपमधल्या माणसाला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "साहेब, आमच्या सुपरवायझरचं आडनाव फारो असायला पाहिजे होतं." हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, असं त्याची बायको म्हणाली. या गोष्टीनं नोकरी मिळत नाही. पण सकाळी दाढी करावीशी वाटते, आणि अर्ज करायला तेवढं तरी लागतं.

मात्र ते जर जेवत नसतील, रात्रभर जागे राहत असतील, 'माझ्यामागे तुमचं बरं होईल' असं काही बोलत असतील, तर हे वचनांचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. तुम्ही सिस्टर आहात, तुम्हाला लक्षणं कळतील. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. आपल्याच मिशनांनी नगर जिल्ह्यात दवाखाने बांधले ना, मग गोळीला कसलं वावडं?

आणि दारू किंवा मारहाण असेल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्यांत कोणी असेल), तर "पत्नींनो, अधीन असा" हे वचन तोंडावर फेकणाऱ्याला एक ओवी मागे न्या. इफिसकरांस पत्र 5:21 सगळ्यांनाच म्हणतं, एकमेकांच्या अधीन असा. आणि 1 पेत्र 3:7 तर नवऱ्यांना बजावतं, की बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांनाच अडथळा येईल. हे वचन मी लग्नाच्या उपदेशात फार कमी वेळा ऐकलंय. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा ख्रिस्ती बाईलाही लागू आहे, आणि 181 ही महिला हेल्पलाइन आहे. घर सोडावं लागलं तर सोडावं. क्षमा नंतर, सुरक्षित जागी बसून, सावकाश.

तुमच्याबद्दल बोलायचं तर, ताई, मला तुमचीच जास्त काळजी वाटली. नाइट करून येता, सकाळी डबा, दुपारी दोन-तीन तास झोप, आणि आठला प्रार्थनेत डोळे मिटले की डुलकी. मग सासूबाईंचं ते वाक्य. बायबलातलं 1 राजे 19 काढा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत काय करतो? उपदेश नाही, कानउघाडणी नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायलाच घालतो. 'तू इथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्न फार पुढे, चाळीस दिवसांचा प्रवास झाल्यावर येतो. म्हणून नाइटच्या दिवशी तुम्ही प्रार्थनेला बसू नका. झोपा. घरच्यांना हा अध्याय दाखवा आणि सांगा, पाळकांनी सांगितलंय.

पैशांचा विषय तुम्ही काढला नाही, पण निघणारच. अशा दिवसांत कोणीतरी सांगतं, विश्वासानं पेरा, दहा हजारांची देणगी द्या, शंभरपट येईल, नोकरी लागेल. एका कुटुंबानं मंगळसूत्र मोडून असं दिल्याचं मी पाहिलंय. नोकरी लागली नाही, आणि वर ऐकावं लागलं की देताना शंका धरली असेल. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू 'कुर्बान' म्हणणाऱ्यांवर चिडतो. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणारे लोक ते. घरात म्हातारं माणूस आणि शिकणारं पोर असताना तुमचा पगार आधी त्यांचा. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं, ते नोकरी लागल्यावर बघू. मंडळीत हे उघड बोललो म्हणून माझ्यावर मंडळीचे एक-दोन वडील (कारभारी) रुसले होते, रुसू देत. उलट मंडळीनं तुम्हाला द्यायची ही वेळ आहे. गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहा असं आहे ते ऐकायला छान वाटतं, पण ओझं सांगितल्याशिवाय कोण उचलणार? आपल्या लोकांत लाज फार. महिला मंडळाच्या एखाद्या विश्वासू बाईला फीचा आकडा सांगा. 'आमच्यासाठी प्रार्थना करा' एवढंच नाही, आकडा.

पोराचं. अकरावीचा मुलगा चर्चला येत नाही, याच्यात मला फारसं घाबरण्यासारखं दिसत नाही. तो का येत नाही हे कोणी विचारलंय का, टोमणा न मारता? माझा अंदाज सांगतो, चुकीचा असेल. रोज आठ वाजता बापाचा अपमान देवाच्या नावानं होताना त्यानं पाहिलाय. त्याला राग देवाचा आहे की सतरंजीचा, हे त्यालाही सांगता येणार नाही. कलस्सैकरांस पत्र 3:21 बापांना सांगतं, मुलांना चिरडीस आणू नका. मी त्यात आज्या आणि पाळकही धरतो.

मराठी ख्रिस्ती माणसानं या बाबतीत टिळकांचं घर आठवावं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झाला. पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे एकत्र आली तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं-ओवळं चालूच होतं. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. मधली पाच वर्षं टिळकांसारख्या तापट, घाईच्या माणसाला वाट पाहावी लागली. नवऱ्यानं पटवलं म्हणून लक्ष्मीबाई बदलल्या नाहीत. सगळी माणसं देवानं केली तर शिवाशिव कशाला, हे त्यांनी स्वतःच्या मनाशी भांडून सोडवलं, आणि ते 'स्मृतिचित्रे'त अशा मिस्कीलपणे लिहून ठेवलं की हसता हसता डोळे भरतात. पाच वर्षं एका संसारात दोन श्रद्धा नांदल्या. तुमच्या पोरानं तर अजून सातआठ महिनेच बुट्टी मारलीय.

त्याला ओढू नका, काम द्या. आजींना रविवारी स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडणं आणि नंतर आणायला जाणं. आत ये म्हणायचं नाही. आणि तो जर विचारत असेल, 'इतकी प्रार्थना करता तर पप्पांना नोकरी का लागत नाही?', तर उत्तर बनवू नका. 'मलाही हाच प्रश्न पडलाय' म्हणा. स्तोत्र 13 तिथेही उपयोगी पडतं. घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राची येशूनं सांगितलेली गोष्ट मात्र त्याला सांगू नका, तो उधळ्या नाही, घरातच आहे. त्या गोष्टीत थोरला भाऊ रुसून दाराबाहेर उभा राहतो तेव्हा बाप मेजवानी सोडून त्याच्याकडे बाहेर येतो, ते तुम्ही दोघांनी वाचा.

भांडणं झालीच तर महिन्यातून एकदा हिशेब चुकता करायला आपल्याकडे सोय आहे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आदल्या शनिवारी. मत्तय 5:23-24, वेदीपाशी दान सोडून आधी भावाशी समेट कर. मी घरी असं करायचो की शनिवारी रात्री चहा मी करायचो आणि विचारायचो, "या महिन्यात माझं काय राहिलं?" आधी बायको सांगायची, मग मुलं. उत्तर द्यायचं नाही, चहा प्यायचा आणि 'चुकलं' म्हणायचं. सुरुवातीला मुलांनी यादीच काढली होती, कागदावर.

उरल्या सासूबाई. त्यांच्यावर तुम्ही रागावलेल्या आहात, ते प्रश्नात दिसतं. पण ती बाई घाबरलेली आहे. या वयात मुलगा बसून आहे आणि आपण सुनेच्या पगारावर खातोय, हे गावाकडच्या बाईला किती लागत असेल? विश्वास कमी पडतोय हे त्या तुम्हाला म्हणतात की स्वतःला, मला खात्री नाही. 'मी' म्हणून प्रार्थना करायचा नियम त्यांना तुम्ही सांगू नका, सुनेनं सांगितलेला नियम टिकणार नाही. तुमच्या पाळकांना एकदा घरी बोलवा आणि त्यांच्या तोंडून येऊ द्या.

आणि सुरुवात रूथच्या पुस्तकानं करा. चारच अध्याय, चार संध्याकाळी. सासू-सुनेची गोष्ट आहे, पण कोणी कोणाला शिकवत नाही. सासू नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. गावात परत आल्यावर ती बायकांना सरळ सांगते, मला नामी म्हणू नका, देवानं माझं आयुष्य कडू केलंय. तिला कोणी म्हणत नाही की विश्वास कमी पडला. रूथ उत्तरही देत नाही, ती सातूच्या शेतात सरवा वेचायला जाते. शेवटच्या अध्यायात गावच्या बायका नामीला म्हणतात, ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. तिथे तुम्ही काही बोलू नका, नुसतं वाचू द्या.

दुसरा अध्याय सासूबाईंनाच वाचायला द्या. पोरगा पिंपरीत वाढलेला, त्याला सरवा म्हणजे काय ते माहीत नसणार. त्याला विचारू दे. आजीला ज्वारीची काढणी, मागे राहिलेली कणसं, ओटीत गोळा करताना टोचणारं कुसळ, कोणता पाटील वेचू द्यायचा आणि कोणता हाकलायचा, सगळं आठवत असेल. त्या रात्री प्रार्थना राहून गेली तरी हरकत नाही.